सुनेची हाळी

परवा करंजाड्याच्या पुलावर मी रिक्षा थांबवली आणि खाली नदीत उभ्या असलेल्या दोन माणसांवर ओरडले. चांगले शिकलेसवरलेले दिसत होते. गळ घेऊन मांडीएवढ्या पाण्यात उभे. जिकडून भरती येते तिकडेच पाठ केलेली. एकाच्या कानाला मोबाईल, आणि दोघांत मिळून एक काठी नाही. "अहो, काठी घ्या हातात! आणि जरा मागे वळून बघा!" मी पुलावरून कोकलले. त्यातल्या एकानं हसून हात हलवला. त्याला वाटलं, म्हातारी ओळख दाखवतेय. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, सोडा ना, तुमचं काय जातं?"

माझं काय जातं! अरे बाबा, माझा जीवच जात होता या नदीत, थोडक्यात राहिला. पण एवढं सगळं त्याला सांगत बसले असते तर मीटर फिरत राहिला असता, म्हणून इथे लिहिते.

माझं माहेर आणि सासर एकाच नदीवर. माहेर वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. सासर खाली, पनवेलच्या पलीकडे, जिथे नदी खाडीत शिरते तिथे. आणीबाणी उठली त्या साली माझं लग्न झालं. सासरचे लोक पाण्यात उतरून मासे धरतात, बायकासुद्धा, हे कळल्यावर मी जरा बिचकले होते. आई म्हणाली, "अगं नदी तीच आहे, तू लहानपणापासून तिच्यात डुंबलीस, घाबरायचं काय त्यात?" बिचारी माझी आई. नवरा देवळात एक आणि घरात एक असतो, तशी नदीही वर एक आणि खाली एक असते, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं.

आमच्या माहेरच्या नदीला तळ होता. गोटे, वाळू, गुडघाभर पाणी, आणि त्यातून आपली बोटं दिसायची. पावसाळ्यात लाल पाणी आलं की आम्ही पोरी काठावर बसायचो, उतरलं की पुन्हा आत. पाण्याची भीती बाळगायची ती चार महिने, बाकी ते घरचंच. सासरी आले आणि पहिल्याच दिवशी बांधावरून नदी पाहिली तर सकाळी तुडुंब आणि दुपारी गायब! राहिला होता तो नुसता काळाभोर चिखल, त्यात मधून एक पाण्याची वाट, दोन्ही काठांना तिवरांची झाडं, आणि चिखलावर टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे. मी तर तोंडाला पदरच लावला. म्हटलं, या रेबडीत उतरायचं?

माझ्या सासूला मी आत्या म्हणायचे. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. घरात कर्ता पुरुष म्हणजे आत्याचा धाकटा दीर, माझे चुलतसासरे. उंच, वाळके, खांद्यावर कायम पाग. पाग म्हणजे ते गोल फेकायचं जाळं, त्याची दोरी मनगटाला बांधलेली असते. हा माणूस नव्या सुनेशी बोलायचा नाही, आणि नव्या सुनेनं त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा रिवाज. मग काही हवं असेल तर ते भिंतीला सांगायचे. "तहान लागलीय," भिंतीकडे बघून. मी पदर ओढून तांब्या भिंतीपाशी ठेवायचे. "कालवनात मीठ कमी हाय," पुन्हा भिंतीला. मला एकदा इतकं हसू आलं की मी चुलीत फुंकर मारण्याचं निमित्त करून तिथेच बसले. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तळोज्याला एका कारखान्यात लागले होते. पाळी बदलली की आठवडा आठवडा दिवसा झोपायचे. त्यामुळे घरात जागी माणसं तीन: आत्या, मी आणि भिंतीशी बोलणारे चुलतसासरे.

आत्याची जीभ भाकरी थापल्यासारखी पटापट चालायची. प्रेम असो की राग, सूर एकच. पण पाण्यात उतरायचं कसं हे तिनं मला जितकं सावकाश शिकवलं, तितकं सावकाश तिनं आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. आधी नदीवर नेलंच नाही. आमचं एक शेत उरलं होतं, बाकीची सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती. त्या शेतातल्या चिखलात तिनं मला चालवलं. हातात काठी दिली. "पाय उचलू नको गो. सरकव. उचललास का पाय शिंगाल्या मासलीच्या काट्यावं परल, नायतर कालवांच्या शिंपल्यांनी कापल." पुढे काठी, मग पाय. काठी भसकन आत गेली तर तिथं पाऊल नाही. टोपली कमरेला बांधायची, पण गाठ अशी की एका झटक्यात सुटली पाहिजे. "टोपलीनं मानसं बुरवल्यात, बाय. मासली सोडवत नाय ना!" प्रवाहाला तोंड किंवा पाठ द्यायची नाही, आडवं उभं राहायचं. पायात पैंजण नको. आणि पाय रुतलाच तर दुसऱ्या पायावर जोर देऊन उपटायचा नाही, सरळ पाठीवर पडायचं, चिखलात लोळायचं, लाज न बाळगता.

तिला घड्याळ कळत नव्हतं. तिथी विचारायची आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून सांगायची, आज पाणी कधी परतणार. अष्टमी-नवमीच्या आसपास भरती-ओहोटीला जोर नसतो, त्याला भांग म्हणायचे. शिकायला नवी बाई आली की भांगात न्यायची. अमावास्या-पुनवेच्या उधाणात नाही.

आणि मग ती हाळी. आम्ही पाण्यात उतरायचो ते ओळीनं, पण ओळ म्हणजे शाळेतली नव्हे. एकमेकींपासून पाच-पन्नास हात लांब, मध्ये तिवरं, वळणं, ओहळ. दिसायचं कुणीच नाही. म्हणून आवाज. सगळ्यात खाली चुलतसासरे, कारण भरती तिकडून यायची आणि ती पहिली त्यांना दिसायची. त्यांनी "कूऽऽ" केलं की त्यांच्या वरच्या अंगाला आत्या, मग मी, मग शेजारची काकी, मग वरच्या आळीच्या बायका, अशी एकेकीनं आपली हाळी द्यायची. नाव घ्यायचं नाही, पाण्यात नाव घेतलेलं चालत नाही म्हणायचे. नुसती हाळी. सगळ्या आल्या की खाली त्यांना समजायचं, सगळ्या आहेत. आणि त्यांनी लागोपाठ दोनदा दिली, "कू-कूऽऽ", की पाणी फिरलं. मग टोपलीत काहीही येऊ घातलेलं असो, निघायचं. मी या नदीवर जेवढी वर्षं उतरले तेवढ्या वर्षांत आमच्या ओळीतली एकही बाई पाण्यानं नेली नाही, ती या हाळीमुळे.

फक्त एक होतं. नव्या सुनेचा आवाज थोरल्या पुरुषाच्या कानावर पडायचा नाही ना? मग तिची हाळी तिनं द्यायची नाही. पहिलं वर्षभर सुनेची हाळी सासू द्यायची. आत्या आधी आपली द्यायची, जाड, घशातून. मग माझी, जरा बारीक आवाज काढून. तो बारीक आवाज ऐकून काकी खुदखुदायची. म्हणायची, "आली गो नवी नवरी!" मला पण मजा वाटायची. आपण गप्प उभं राहायचं आणि आपल्या नावानं कुणी दुसरंच ओरडतंय! रिवाजच तसा, कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. खोटं कशाला बोलू?

त्या पहिल्या महिन्यांत मला ती नदी आवडायला लागली. चिखल बोटांतून वर येतो तो थंडावा, तिवरांच्या मुळांत अडकलेलं ऊन, कोलंबी टोपलीत तडतडायची तो आवाज. दुपारी बांधावर सगळ्या बायका पाय धुवायला बसल्या की जे काही बोलायच्या ते मी इथं लिहू शकत नाही, नातवंडं वाचतील. लग्न झालेल्या बाईनं एवढं मोठ्यानं हसायचं असतं हे मला माहेरी कुणी सांगितलंच नव्हतं. घरी आलं की निवट्यांचं कालवण, आंबट घालून. तसलं कालवण पुढे मी कितीदा केलं, पण ती चव नाही. पुढेपुढे तर निवटेच राहिले नाहीत. ऐंशीच्या नंतर कधीतरी पाण्यावर वेगळाच फेस यायला लागला, मासळीला वास मारायला लागला, बाजारात बायका टोपली हुंगून पुढे जायच्या. राहिलेलं शेत गेलं. भराव पडले. तिवरांच्या जागी इमारती आल्या, आणि ओळीतल्या बायका कुणी शाळेत शिपाई, कुणी ऑफिसात पाणी द्यायला लागल्या. आत्या गेली, चुलतसासरेही गेले. आज त्या वळणावर उभं राहून मी कुणाला सांगितलं की इथं गुडघाभर पाण्यात आमची सगळ्यांची दुपार जायची, तर लोक म्हणतील, "काकू, इथे पार्किंग आहे." असो. जीव तुटतो, पण असो.

तर तो दिवस. लग्नाला सहाएक महिने झाले असतील. पाऊस सरून गेला होता, नदी निवळली होती. आत्यानं मला आपल्या आणि काकीच्या मध्ये ठेवलं होतं. मी काठीनं चाचपत, पाय सरकवत, सगळं शिकवल्यासारखं करत होते. तेवढ्यात डाव्या अंगाला एका बारक्या ओहळाच्या तोंडाशी मोठी खेकडी, चिंबोरी, दिसली. ताटाएवढी म्हणत नाही, पण वाटीएवढे तर तिचे नांगेच होते. ती मला बघून सावकाश मागे सरकली. मी पुढे. ती मागे. मनात म्हटलं, ही टोपलीत घालून आत्यापुढे ठेवली की बोलती बंद होईल तिची. तिवरांच्या आड कधी गेले कळलंच नाही. चिंबोरीकडे बघत होते, काठीकडे नाही.

पाय गेला तो मांडीपर्यंत. दुसरा पाय टेकवून उपटायला गेले, तर तोही गेला. जे करायचं नाही म्हणून शेतातल्या चिखलात शिकवलं होतं तेच केलं, आणि काठी हातातून सुटून बाजूला आडवी पडली. तरी मी घाबरले नव्हते. काकी पलीकडेच आहे, आत्या अलीकडे आहे, कुणीतरी बघेलच.

तेवढ्यात खालून चुलतसासऱ्यांची हाळी आली. "कूऽऽ." मग आत्याची, जाड. आणि लगेच त्यामागून बारीक आवाजातली, माझी.

मी चिखलात रुतून उभी आणि माझी हाळी गेली! वर काकीनं दिली, पुढच्या बायकांनी दिली. सगळ्या आहेत म्हणून कळलं सगळ्यांना. आत्याला वाटलं मी काकीजवळ आहे, काकीला वाटलं मी आत्याजवळ आहे.  मी आहे असं सासू सांगून बसली होती, आता मला शोधणार कोण?

तुम्ही म्हणाल, मग ओरडायचं ना! मलाही माझी नात हेच म्हणते. "आजी, तू स्टुपिड होतीस का?" होते गं बाई, पण माझ्याएवढ्याच सगळ्या होत्या. चुलतसासरे तिथून हाकेवर. माझा पदर गळून पाण्यात, लुगडं मांडीवर. त्या माणसासमोर मी कधी खोकलेसुद्धा नव्हते. ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं, खरंच उघडलं, आणि आवाज नाही निघाला.  आणि मग खालून आलं, "कू-कूऽऽ." पाणी फिरलं.

बायका निघाल्या. बांधाच्या बाजूला त्यांचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी कुणाच्या नवऱ्याची नक्कल करत होती. माझ्या कमरेला पाणी लागलं, गार, आणि खालून वर ढकलणारं. पाय तसेच अडकलेले. मला आठवतं, मी टोपलीची गाठ सोडली, एवढं एक शिकवलेलं आठवलं. टोपली तरंगत निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत वर, माहेरच्या दिशेला गेली. ते बघून मला माझी आई दिसली. म्हटलं, टोपली पोचेल आणि मी नाही पोचणार. पाणी छातीला आलं. आणि कुणास ठाऊक कुठून, माझ्या तोंडातून हाळी निघाली.

"कूऽऽ."

बांधावरचं हसणं थांबलं. चुलतसासऱ्यांचा आवाज आला, "ही कोनाची?"

काकी म्हणाली, "आपली नाय. पल्यारच्या गावची आसंल कोन. आपल्या झाल्या सगल्या."

अहो, माझी हाळी कुणी ओळखणार तरी कशी? कुणी ऐकलीच नव्हती! मी पुन्हा दिली. पाणी तोंडात गेलं. आणि मग आत्या किंचाळली. तिचे शब्द मला लख्ख ऐकू आले, आणि नंतर काकीनंही मला तेच सांगितले. ती म्हणाली, "हितल्या सगल्यांचं आवाज मना ठावं हायत. जो ठावं नाय, तो माज्या सुनंचा हाय!"

मग ती आली. चालत नाही, पोटावर. त्या वयात ती बाई चिखलावर पालथी पडून सरपटत माझ्यापर्यंत आली आणि तोंडानं शिव्यांचा पट्टा चालू. "जलली मेली, उबी का ऱ्हायलीस? झोप! पाठीवं परून टाक! पाय ओरू नको, टाचा हलव नुसत्या!" मी पाठीवर पडले. तिनं माझी मान आपल्या हातावर धरली. पण लुगडं! नऊवार लुगड्यानं पाणी आणि गाळ पिऊन घेतलेला, ते दगडासारखं खाली ओढत होतं. आत्या म्हणाली, "कासोटा सोर." मी म्हटलं, "आत्या, मामंजी आहेत." बुडतेय, नाकापर्यंत पाणी, आणि मी हे म्हणतेय! आत्या गरजली, "भावजी, पाठ फिरवा! आन पागंची दोरी टाका इकरं!"

चुलतसासरे तिवरांपाशी येऊन उभे होते. त्यांनी पाठ फिरवली. मनगटाची दोरी सोडून खांद्यावरून मागे फेकली, न बघता. ती तीनदा भलतीकडेच पडली आणि आत्यानं तीनदा त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चौथ्यांदा हाताला लागली. मग ते तसेच पाठमोरे, दोरी खांद्यावर घेऊन, नांगराला जुंपलेल्या बैलासारखे ओढत राहिले. एकदाही मान वळवली नाही. चिखलानं मला सोडलं तेव्हा असा काही आवाज झाला की बांधावर काकीला वाटलं माझा पाय तुटला. लुगडं नदीनं ठेवून घेतलं. चुलतसासऱ्यांनी अंगातला सदरा काढला, तोही पाठीमागून भिरकावला, आणि गावाकडे निघून गेले.

बांधावर आणल्यावर आत्यानं मला एक थोबाडीत दिली. चांगली सणसणीत. आणि मग मला छातीशी धरून अशी रडली की तिच्या अंगाची थरथर माझ्या दातांना लागत होती. "मीच दिली गो तुजी हाळी," एवढंच म्हणत राहिली. "मीच दिली."

घरी आमचे हे पाळीवरून येऊन झोपले होते. उठून सगळं ऐकलं आणि माझ्यावरच डाफरले, "ओरडली का नाहीस लवकर?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलेलं, काकांसमोर बोलायचं नाही." ते डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "आता नदीचं टेन्शन नको. माझा पगार आहे. तू घरात राहा." मला तेच हवं होतं. झोपेत मांड्यांना चिखल धरायचा आणि मी ताडकन उठून बसायचे. आणि गावात बायकांची तोंडं काय कमी असतात? कुणी म्हणे, सून लाज सोडून कोकलली. कुणी म्हणे, सासूनंच मुद्दाम पुढं घातली. पाण्याच्या विहिरीवर माझ्याकडे बघून कुजबुज थांबायची.  आत्यानं मात्र माझी काठी चिखलातून शोधून आणली, धुतली आणि दाराशी टेकवून ठेवली. ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी मान खाली घालून त्या काठीच्या बाजूनं जायचे-यायचे.

मग एक दिवस शेजारची काकी दळण न्यायला आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "तुज्या सासूला काय झालंय गो? काल पान्यात हाळी आली. तिनं आपली दिली. आन सवयीनं तुजी बी दिली, बारीक आवाजात. तू तर घरात! ध्यानात आलं तशी पान्यातनं भायेर आली आन बांधावं जाऊन बसली. टोपली रिकामी घेऊन घरी गेली, तुला दिसली नाय?"

दिसली होती. मला वाटलं होतं मासळी लागली नसेल.

दुसऱ्या दिवशी आत्या निघाली तेव्हा मी दाराची काठी उचलली. आमचे हे अंथरुणातून म्हणाले, "अगं, कुठे?" मी म्हटलं, "झोपा तुम्ही."  आत्यानं मागे वळून पाहिलं आणि पुढे चालू लागली. बांधावर बायकांनी मला बघून डोळे मोठे केले. पाण्यात पाय घातला तेव्हा मी आत्याचा दंड असा धरला की वळ उठले असतील. तिनं सोडवला नाही.

उतरलो, ओळ पसरली. माझ्या एका बाजूला आत्या, आज हाताच्या अंतरावर. दुसऱ्या बाजूला काकी. खालून चुलतसासऱ्यांची हाळी आली. "कूऽऽ."

आत्यानं दिली, आपली. जाड. आणि तोंड मिटलं.

मी वाट बघतेय. काकी वाट बघतेय. काकी म्हणाली, "दे ना गो हिची."

"तिला त्वांड हाय," आत्या म्हणाली.

वरच्या आळीच्या बायका ओरडायला लागल्या, काय झालं, पुढं का येत नाही? ओहोटी कुणासाठी थांबत नसते, त्यांची दुपार फुकट चालली होती. मी पदर दातात धरून उभी. खालून पुन्हा हाळी आली, आता जरा रागानं. आत्यानं पुन्हा आपली तेवढी दिली. आणि पुन्हा तोंड मिटलं. एक म्हातारी वरून करवादली, "अगं रीत मोरतेस काय?" आत्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. पाण्यात आडवी उभी राहिली, काठी रोवून, जशी काय तिला घरी जायचंच नव्हतं.

मग खालून चुलतसासऱ्यांचा आवाज आला. "वयनी, सून कुठं हाय?"

"मना काय इचारता?" आत्या म्हणाली. "तिलाच इचारा."

 तिवरांच्या पलीकडे ते उभे असणार, पाग खांद्यावर, आणि जवळ एक भिंत नाही.  माझ्या पायांशी पाणी खाली खाली सरत होतं. आणि मग त्या माणसाचा आवाज आला, जरा घोगरा, अवघडलेला.

"सूनबाय, हायस ना गो?"

मी दातातला पदर सोडला आणि हाळी दिली. अशी दिली की तिवरातले बगळे उडाले आणि काकी दचकून पाण्यात खाली बसली. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "यवरी मोठी नको गो, मासली पलंल."